माळ्यावरचे चष्मे

गळ्याशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. धनंजयराव काळमेघांनी चहा कपात ओतायचा सोडून केंकरेबाईंच्या पर्समध्ये ओतला, तेव्हा बाईंचा संयमच सुटला.

"अहो, तुमचा नंबरचा चष्मा कुठाय?"

"माळ्यावर टाकला, मॅडम. चष्मा दिसला की लोक म्हणतात, या घरात वेड आहे."

बाई कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. लक्ष भरकटणाऱ्या मुलांचं मन जागेवर ठेवणारा चष्मा त्यांनीच बनवला होता, आणि कुणी बोट दाखवू नये म्हणून मुद्दाम साध्या चष्म्यासारखा ठेवला होता. झालं भलतंच. कुठलाही चष्मा दिसला की लोकांना वेडाचा संशय यायला लागला. अख्ख्या अकोल्यानं चष्मे काढले. माणसं विजेच्या खांबांना 'राम राम' घालत फिरायची, पण चष्मा नको!

"आणि तुमच्या ऋजुताला मी दिलेला?"

"तोही माळ्यावरच."

"तिची दहावी आहे हो!" बाई जवळजवळ ओरडल्याच.

दारात उभी राहून ऋजुता म्हणाली, "बाबा, तो घातला की धडा शेवटपर्यंत वाचता येतो मला. द्या ना."

काळमेघ चाचपडत शिडीवर चढले आणि चष्मा काढून त्यांनी लेकीच्या हातात दिला.

सगळं खरं आहे हं. फक्त ते शिडीवर चढले, एवढंच मनाचं घातलंय.