कुंकवाचं बोट

चौसाळ्यातल्या आपल्या दुकानातून महांतेशअप्पांनी सकाळीच लॅपटॉपच्या कंपनीला पाचव्यांदा झापलं होतं. "लिनक्ससाठी ग्राफिक्सचा ड्रायव्हर तुमी खुला करत न्हाई, मग विकतानाच खरं सांगायला काय होतं? त्याच्यापायी पडदे थरथरतात अन् गिऱ्हाईक माझ्या उरावर बसतंय!"

फोन ठेवतात तोच बायनाबाई दारात उभी राहिली. लेकीच्या कॉलेजासाठी तिने लॅपटॉप इथूनच नेला होता, अन् त्यात लिनक्सही अप्पांनीच टाकून दिलं होतं.

"अप्पा, पडदा सारखा थरथरतोय, मधीच काळा पडतोय. कावून?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. अप्पांनी लॅपटॉप हातात घेतला. झाकणावर खंडेनवमीचं कुंकू तसंच होतं. बाईने ऊसतोडीच्या कोयत्याशेजारी मांडून त्याचीही पूजा केली असणार. अप्पांना आयतंच निमित्त सापडलं.

"मावशी, कुंकू गेलंय आत. मशीन हाय ते, देव न्हाई."

चौघंही हसली. बायनाबाईचा चेहरा उतरला. "चुकलं माझं, अप्पा. मी उगंच पोरीला लई बोलले." तिने पदराने झाकण पुसपुस पुसलं. अप्पांना तिच्याकडे बघवेना.

जाता जाता ती फळीपाशी थांबली. तिथे विकायला मांडलेल्या आठही लॅपटॉपवर खंडेनवमीला अप्पांनीच लावलेलं कुंकवाचं बोट होतं.

ती माघारी आली अन् चौघांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली,



"अप्पा, तुमचे बी पुसून घ्या. बिघडतील."