कोरी काच

विमान उतरून धावपट्टीवरून बाहेर वळलं आणि कॅप्टन शर्वरी खानोलकरच्या समोरच्या काचेवरचे हिरवे बाण विझले. बाहेर सकाळचं दाट धुकं होतं. वाटेच्या कडेचे पिवळे फलक केव्हाच काढून टाकले होते. काचच रस्ता दाखवत असताना ते कोण वाचणार?

"टॉवर, आम्ही कुठे आहोत? एका प्रवाशाला हार्ट अटॅक आलाय."

"कॅप्टन, आमचेही पडदे बंद पडलेत. हलू नका. आसपास आणखी विमानं अडकली आहेत."

"मग अॅम्ब्युलन्स पाठवा."

"निघालीय, पण तिचीही काच कोरी आहे. तुम्हाला बाहेर काही खूण दिसतेय का?"

शर्वरीने खिडकीला डोळे लावले. ओल्या डांबरावर एक पिवळी रेघ होती, पण ती कुठे जाते हे तिला कधी शिकवलंच नव्हतं. धुक्यात सायरन जवळ आला आणि हळूहळू दूर गेला.

इंजिनं बंद करून ती मागे गेली. त्या माणसाची बायको त्याचे तळपाय चोळत होती.

"मॅडम, उतरलो ना आपण? मग दार का उघडत नाही?"

शर्वरीने खाली बसून त्याचा हात हातात घेतला. तो गार पडला होता.