गणितात पहिला

तुळशीरामनं जन्मभर लग्नावरातीत हलगी बडवली, पण पोराच्या हाताला ती कधी लागू दिली नाही. जैनथला मागास वस्त्यांतल्या पोरांसाठी मोफत शिकवणी निघाली, त्यात त्याचा प्रज्वल गणितात पहिला आला. आज हैदराबादचे देणगीदार येणार होते. सरांनी बापालाही बोलावलं, हलगी घेऊन. "प्रज्वल, पाहुण्यांपुढे वाजव." "सर, मले नाही येत. फळ्यावर गणित सोडवून दाखवतो ना." सर हसले. "गणित कोण पाहते रे? तुमच्या तर रक्तातच असते हलगी." पोराची मान खाली गेली. तुळशीरामनं शिकवणीच्या फाटकाशी पऱ्हाट्या पेटवून हलगी शेकली आणि इस्त्रीच्या सदऱ्यात घामाघूम होईस्तोवर तिथंच उभ्यानं वाजवली. पाहुण्यांनी मन भरून फोटो काढले. परतताना पोरानं हलगी स्वतःच्या खांद्याला अडकवली. "बाबा, मले शिकवा. पुढच्या वेळी तुमाले त्या फाटकाशी उभं राहू देणार नाही मी."