ओढणीवरचा डाग

क्षयाचं औषध सुरू झालं तेव्हा शाहरिलच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा नारिंगी झालं होतं. बायकोच्या, हलिमाच्या, नमाजाच्या पांढऱ्या ओढणीवर त्याचा फिकट डाग राहिला होता. "गोळ्या पोटात जाताहेत, म्हणून पाण्याला रंग येतोय," नर्स म्हणाली होती.

आज यंत्रावरच्या तपासणीचा निकाल आला: त्याच्या जंतूंवर ते औषध आता लागू पडत नाही. इकडे लेकही खोकू लागली होती. माहेरून आई कधीची बोलावत होती, पण हलिमाचा पाय निघत नव्हता.

"यंत्रावर विश्वास आणि नवऱ्यावर नाही? पोरीची शपथ, एक गोळी चुकवली नाही गं!" तिच्या खांद्यावर डोकं ठेवून शाहरिल ढसाढसा रडला.

हलिमाने ओढणी उजेडात धरली. जुन्या डागाशेजारचा ओलावा पाण्यासारखा स्वच्छ होता.

 

"अबांग," तिने नवऱ्याला हाक मारली, "मी लेकीला घेऊन बिंजाईला आईकडे चालले."