खिळ्यावरची किल्ली

"कॉफी घेणार, की अजून नियम आहे?" फ्राउके डेट्येन्सने विचारलं.

एकहार्ट ल्यूडर्सला हसावं लागलं. 'हेकवेले' या मोटारबोटींच्या मासिकाचा परीक्षक बोट बांधणाऱ्याच्या घरचं पाणीही पीत नसे. तो नियम त्याचाच. "आता निवृत्त झालोय मी. द्या."

तिने कप ठेवला, रुबार्बचा केक कापला. तिचे हात अगदी स्थिर होते, आणि तेच त्याला खुपत होतं. तिच्या वडिलांचा, ओनो डेट्येन्सचा बोटींचा कारखाना त्यांच्या नव्या बोटीवरच्या ल्यूडर्सच्या एका लेखाने बुडवला होता. चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. बाई केक वाढत होती.

मासिकाला पन्नास वर्षं होत होती आणि त्याचा इतिहास लिहायचं काम ल्यूडर्सकडे आलं होतं. समारंभात त्याच्या नावाचं पदकही जाहीर व्हायचं होतं. सगळ्यात गाजलेलं प्रकरण हेच, म्हणून मुखपृष्ठावर तीच बोट हवी, असा नव्या संपादकाचा हट्ट. बोट अजून फ्राउकेच्याच बोटघरात, प्ल्योनच्या तळ्याकाठी. फोटो काढू द्यायला तिची एकच अट होती: परीक्षणाच्या दिवशी काय झालं ते समोर बसून सांगायचं.

"हे राहू दे चालू," म्हणत त्याने फोनवर रेकॉर्डिंग लावलं. "पुस्तकासाठी. हरकत नाही ना?"

"छे! उलट बरंच झालं."

इतर मासिकांचे परीक्षक मालकाला शेजारी बसवून बोट चालवत. 'हेकवेले'ची रीत निराळी. मालकाने आठवडाभर किल्ली बोटघरातल्या खिळ्यावर टांगून ठेवायची आणि तळ्याकडे फिरकायचंही नाही. परीक्षक कधी आला, कधी गेला, कुणाला पत्ता लागत नसे. ना कुणाची भीड, ना कुणाचा दबाव. म्हणून तर लोक त्या मासिकावर डोळे झाकून विश्वास ठेवत.

"आम्ही तो आठवडाभर हुसुमला होतो, आजीकडे," ती म्हणाली. "बाबांना घास उतरत नव्हता. मग? तुम्ही आलात."

"बुधवारी. पावसाने नुसता वैताग आणला होता." हे त्याने इतक्या मेजवान्यांत सांगितलं होतं की लेखातली वाक्यं आपोआप जिभेवर येत. त्या दिवसापेक्षा त्याला लेखच जास्त आठवे. "आधी सरळ नेली. छान चालली. मग पूर्ण वेगात डावीकडे वळवली, आणि मागून पाणी आत आलं. घोटे बुडाले माझे. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच."

"पुन्हा तेच."

"फ्राउकेबाई, ते लिहिताना मला आनंद झाला नव्हता."

"बाबांनी ती परत पाण्यात घातलीच नाही. चूक शोधत बसायचे. सापडली नाही. आई म्हणायची, अहो, त्या माणसाचंच चुकलं असेल. तर तिच्यावरच ओरडायचे. 'हेकवेले' खोटं कशाला छापेल, म्हणायचे. मरेपर्यंत तेच."

ल्यूडर्सने कॉफीचा घोट घेतला. ती निवली होती.

"किल्ली लगेच सापडली का?" तिने विचारलं. "आत अंधार असतो."

"दारातून समोरच दिसली. लाल बुचाच्या गोळ्याला अडकवलेली." त्याला हायसं वाटलं. हे मात्र त्याला लख्ख आठवत होतं. पाण्यात पडली तरी तरंगावी म्हणून बोटीच्या किल्लीला असा गोळा लावतातच, पण इतका लालभडक त्याने दुसरीकडे पाहिला नव्हता.

"आणि इंजिन?"

"किल्ली फिरवली की चालू! तसं लिहिलंयही मी. इंजिनाला नावं ठेवलेली नाहीत."

"हो, वाचलं ते. बाबांनी तो अंक घरात ठेवला नव्हता. तुमच्या संपादकाने या वसंतात पाठवला, तेव्हा पहिल्यांदा वाचला."

ती उठली, खणातून काहीतरी घेऊन आली आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. रंग उडालेला लाल गोळा, त्याला लहानशी किल्ली.

"हाच ना?"

"हाच!" तो मनापासून म्हणाला. "अजून ठेवलाय तुम्ही?"

"मी तेव्हा आठ वर्षांची होते. बोटीला बाबांनी माझं नाव दिलं होतं. ती कुणी विकत घेऊ नये, एवढंच मला वाटायचं." पहिल्यांदाच तिचा आवाज कापला. "कारखाना गेला तेव्हा वाटलं, परीक्षक माझ्यावर चिडला, म्हणून त्याने वाईट लिहिलं. तो अंक वाचेपर्यंत तेच वाटत होतं. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही."

"तुमच्यावर? मी कशाला चिडेन?"

फ्राउकेने फोन उचलून त्याच्या अगदी जवळ ठेवला.

"बोटीची किल्ली आठवडाभर हुसुमला माझ्या खिशात होती, ल्यूडर्ससाहेब. खिळ्यावर मी टांगली ती तुमच्या हातात आहे, आमच्या सशांच्या खुराड्याची."