एक पिन जास्त

गॅरेजमधले पार्ट एकदम मोजायचे म्हटलं की काकाला ताप भरायचा, म्हणून मी ठरवलं, रोज एकच खण मोजायचा. "शाळा सोडलीस आणि आम्हालाच गृहपाठ देतेस होय?" काका हसला. माझं डोकं फिरलं. तावातावाने समोरचाच खण ओढला, ब्रेकच्या पिनांचा. खणावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा एक पिन जास्त निघाली. "जास्तच आहे ना? मग रडतेस कशाला?" पण काल काकाने फक्त बाबांच्या ट्रकसाठी पिना काढल्या होत्या, प्रत्येक चाकाला एक, आणि तेवढ्या खणावरच्या आकड्यातून वजाही केल्या होत्या. ही इथेच राहिली, म्हणजे एक चाक ब्रेकशिवायच गेलंय. मी पिन त्याच्यासमोर धरली. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. "अगं, बाबांना फोन लाव!" घाईघाईत बाबांचं नाव सापडेना. शेवटी त्यांनी उचलला. "बाबा, गाडी थांबवा!" मी किंचाळले. "ऐकू येत नाहीये गं, उतार संपला की करतो."