चरबी जिरवायच्या गोळ्या

"जरासे सैल बसा ना," बायको पंचफुला म्हणाली.

कवडूनं बाकाच्या कडेला आणखी अंग चोरलं. आगगाडीच्या डब्यात शिरताच एक म्हातारा त्याला जागा देऊन दाराशी जाऊन उभा राहिला होता. कवडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याला दोघांची जागा लागते, हे परक्यालाही दिसलं!

पुलगावहून वर्धा येईस्तोवर त्यानं वैशाखाच्या उन्हातही कोटाचं बटण काढलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मिलमध्ये कामगारांवरचा जॉबर रूपराव सगळ्यांदेखत हसला होता, "कवड्या, कापसाची गाठ होऊन राह्यला का बे?" त्या दिवसापासून कवडूनं जेवणाशी वैर धरलं. ताटातली भाकर तो गाईला घाली. कधी भूक अनावर झाली, तर चोरून खाई आणि मागच्या दारी जाऊन घशात बोटं घाली. तरी आरशात पोट ते पोटच. रूपराव तर आता त्याच्याकडं बघायचंही टाळी.

गळ्यातल्या ग्रंथीच्या म्हणे गोळ्या मिळतात, चरबी मेणासारखी वितळते. मिलमधल्या एका बाबूनं सांगितलं होतं. म्हणून तर पंचफुलानं दवाखान्याचा हट्ट धरताच तो निघाला.

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर प्रभाकरराव भलतंच विचारू लागले.

"दाढी कधी केली होती?"

"दोन महिने झाले. वाढतच नाई."

"बायकोजवळ जाता?"

कवडूनं मान खाली घातली. "वर्ष झालं. मनच होत नाई."

"थंडी वाजते?"

"वाजते. पण ते राहू द्या, डाक्टरसाहेब. मले फक्त त्या गोळ्या द्या. लय आशेनं आलो."

"कोट काढा. वजनकाट्यावर उभे राहा."

कवडूनं कोट छातीशी घट्ट धरला. "हिले बाहेर पाठवा."

"त्या इथंच थांबतील."

कोट उतरला. त्यानं डोळे गच्च मिटले आणि काट्यावर पाय ठेवला. डॉक्टरांनी वाकून आकडा पुन्हा पाहिला.

"एकोणऐंशी पौंड," ते हळूच म्हणाले. "बारा वर्षांच्या पोराएवढं वजन! बाई, मोठ्या दवाखान्यात भरती करा. आत्ताच. यांना एक पाऊलही चालवू नका."

पंचफुलानं पदर खोचला, नवऱ्याला लेकरासारखं दोन्ही हातांवर उचललं आणि ती भराभर पायऱ्या उतरू लागली.